शिडाच्या पाठीमागून

पडदा म्हणजे एक जुनं शीड होतं.
हिरू नाखवाची होडी खाडीत फुटली, तेव्हा
एलोजी झिराडकरांनी ते सात रुपयांत घेतलं,
ठिगळं लावली, खळ दिली,
आणि चेंदणीच्या बंदरावर, मिठाच्या रिकाम्या गोदामात
ताणून बांधलं.
पाटीवर लिहिलं : चंद्रप्रकाश बायस्कोप.
लोक म्हणत, मिठाचा शिनेमा.

पुढे पुरुष, एक आणा.
शिडाच्या मागे बायका, अर्धा आणा,
नाहीतर एक वाटा सुकट.
खेळाआधी दोन पोरं पिचकारीनं शीड भिजवत,
म्हणजे चित्र आरपार उतरे.
चित्रात लंका पेटली तरी
पहिल्या रांगेतले पदर ओलेच.

शनिवारी खेळ उशिरा.
झिराडकर शब्बाथ पाळत,
आभाळात तीन चांदण्या दिसल्याशिवाय
यंत्राला हात लावत नसत.
चांदण्या मोजायला धक्क्यावर बसायची
माझी आत्या चांगुणा, वय वर्षं नऊ.
ढग असले की खोटं बोलायची.
झिराडकरांना ते माहीत असावं.
"तिसरी नीट बघितलीस ना?"
एवढंच विचारत.

आत्यानं जे पाहिलं ते पाठीमागून.
तिचे सगळे देव डावखुरे.
राजा डाव्या हातानं तलवार उपसे,
नवरी डाव्या हातानं घास भरवी.
मध्येच अक्षरं येत, काळ्यावर पांढरी,
पुढे बसलेले दगडू मास्तर ती मोठ्यानं वाचत,
आणि आत्या मागून जुळवत राही
कुठल्या आकाराचा कुठला आवाज.
अशी ती वाचायला शिकली. उलटं.
शिरोरेघ तेवढी जागच्या जागी,
खाली सगळ्या काना-वेलांट्यांनी घरं बदललेली.
ठ मात्र दोन्हीकडून ठच.
ठाण्याचा, ठिगळाचा.

मग बोलपट आले.
लाकडी खोक्यातला कर्णा आला,
त्याला जागा हवी होती
नेमकी पडद्यामागचीच.
बायकांना उठावं लागलं.
आत्या पहिल्यांदा पुढे बसली, बाकावर,
आणि मध्यांतरालाच बाहेर आली.
"समदा उलटा लावलाय," म्हणाली.
सगळे हसले, झिराडकर सोडून.
त्यांनी तिचे दोन आणे परत दिले म्हणतात.
म्हणतात. मी नव्हतो.

पुढचं सगळं दप्तरात आहे :
झिराडकरांची मुलं जहाजानं इस्रायलला,
चावी एका कच्छी लाकूडवाल्याकडे,
मग कोर्ट, मग आग, लहानशीच,
मग फक्त दुपारचे खेळ आणि ढेकूण,
मग कुलूप.

मी पेंटर. काचेवर अक्षरं काढायचो.
गोखले रोडचे दवाखाने, शिंपी, सोडावॉटरवाले.
काच आतून रंगवायची,
म्हणजे बाहेरून सुलट दिसतं
आणि पावसानं रंग जात नाही.
इतर पोरांना आरसा लागे.
मला आत्यानं शिकवलं होतं, राखेत, बोटानं.
मासळीचा हिशेबही ती तसाच लिहायची.
व्यापारी वही हातात घेई, फिरवी, खाली ठेवी.
तिला कुणी फसवल्याचं ऐकलं नाही.

तिकीटखिडकीची शेवटची काच माझ्या हातची.
गोदाम पाडलं त्या दिवशी मुकादमाकडून मागून आणली.
तिथं आता गाड्या ठेवायचा सहा मजली सांगाडा.
काच माझ्या गच्चीच्या दाराला, तडा गेलेली.
सकाळी ऊन त्यातून आत येतं.
काचेकडे पाहिलं तर उलट,
वळून भिंतीकडे पाहिलं तर सुलट :
आज खेळ नाही.
मी मधोमध चहा घेऊन बसतो.

संध्याकाळी चांदण्या मोजतो, सवयीनं.
खाडीपलीकडे दिव्यांचा एवढा भडका,
दोन कशाबशा सापडतात.
तिसरी बहुतेक विमान असतं.
धरतो.